कल्ले उघडून

चांगुणाआक्काला टीव्ही घ्यायचा होता.
मी लॅमिंग्टन रोडवर सत्तावीस वर्षं
पिक्चर ट्यूबच्या पोटात हात घालून बसलेला,
आता धंदा बसला म्हणून जाणकार,
तिच्यासोबत निघालो.

बसमध्ये सांगत होतो :
आधी भिंत मोज, मग टीव्ही.
खाटेपासून भिंत साडेसहा फूट,
तेवढ्याला बत्तीस इंच पुष्कळ;
त्याहून मोठा म्हणजे
वरमाईच्या मांडीवर बसून लग्न बघणं.
खोक्यावर नुसतं ‘एचडी रेडी’ असेल तर विचार,
फुल कधी होणार?
मांडव घातला म्हणजे लग्न लागलं असं नव्हे.
सेट-टॉप बॉक्स जुनाच ठेवलास
तर नव्या हंड्यात गढूळच पाणी.
मागची भोकं मोज.
आवाज ऐक. हे सडपातळ टीव्ही
पोटात बोलतात.

ती माहीमच्या खाडीची ओहोटी बघत होती.

दुकानात एका भिंतीवर चोवीस समुद्र.
असे निळे की
दांड्याचा कुठलाही तांडेल हसेल.
पोवळ्यांवरून पिवळे मासे फिरत होते
आणि गळ्यात पट्टा घातलेला निमिष
(नाव पट्ट्यावर होतं)
म्हणाला, मावशी, कलर बघा कलर.

पाटी उतरवावी तशी आक्कानं पिशवी खाली ठेवली.
पुढे झाली, एका माशाला अंगठ्यानं दाबलं.
पॅनल आहे मावशी, पॅनल!
‘लई चमकतोय,’ ती म्हणाली.
‘चमकतो त्याला पाणी मारलेलं असतं.
कल्ले उघड, कल्ले.’

सत्तावीस वर्षांत मला
इतकं थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

मी खिशातून पेनड्राइव्ह काढला.
पहाटेच मोबाइलवर घेतलेलं,
तिचाच फळीचा बाजार, साडेचार मिनिटं.
निमिष आधी नाही म्हणाला,
मग आक्कानं त्याच्याकडे
घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं.

पहिल्या टीव्हीवर पापलेट निळं पडलं.
‘हे बर्फातलं.’
दुसऱ्यावर तिचा हलवा दोन दिवसांचा.
तिसऱ्यावर सुरमई इतकी गुळगुळीत
की साबण वाटावा;
मी म्हटलं, ती मशीन स्वतःच्या मनानं रंधा मारते,
सेटिंगमध्ये बंद करता येतं.
‘मग चालू का ठेवलंय?’
निमिष पट्टा चाळवत राहिला.

सातवा, खालच्या रांगेतला, धूळ बसलेला.
त्यावर पापलेट पापलेटाच्या रंगाचं आलं :
रुपेरी, मध्येच राखाडी,
शेपटाकडे जरासं गुलाबी.
मग कोयता. मग तिचे हात.
ती बराच वेळ वाकून बघत होती.
‘अंगठ्याची चीरसुद्धा आली,’ म्हणाली,
श्रेय टीव्हीला देत.

मग उठली, डावीकडे सरकली,
पार कोपऱ्यात, लादीवर फतकल मारून बसली.
घरी तिथं नवरा जाळं विणतो.
‘इथून काळा पडतो का?’
नाही पडला.
निमिष मला हळूच म्हणाला,
काका, असं कोणी बसत नाही.
मी म्हटलं, म्हणूनच घरी जाऊन रडतात.

भावाचं मी लिहीत नाही.
साडेतेरा हजारांपासून सुरू झालं
आणि निमिषला दोनदा आतून साहेबाला बोलवावं लागलं.
जादा वॉरंटी तिनं घेतली नाही.
‘मासा विकला की विकला,’ म्हणाली,
मग थांबून : ‘पण पावती दे.’

बिल झालं. टेम्पो आला.
तेव्हा तिनं खरा प्रश्न काढला,
सकाळपासून पोटात ठेवलेला :
‘खोक्यातला थर्माकोल माझाच ना?
सगळा? तुकडा नको ठेवू.’

आज आठवडा झाला.
खाऱ्या हवेनं पोकळ झालेल्या भिंतीत
खिळा धरत नाही,
टीव्ही खाटेखाली आडवा आहे.
मी भिंत मोजायला सांगितली,
ठोकून बघायला सांगायचं राहिलं.

थर्माकोल मात्र दुसऱ्याच दिवशी
पहाटे चारला कामाला गेला.